थंब दोनदा, पैसे एकदा: आईंचे तीन हजार कुठे अडकले?

ताई, तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही प्रसंग कळेल. तुमची आई पेठ तालुक्यातली. नाशिकमधल्या अंबडला तुमच्याकडे आली होती. परत जाताना पेठ नाक्याजवळच्या एका दुकानात आधारवरून ३,००० रुपये काढायला थांबली. पहिल्यांदा अंगठा लावला तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘फेल गेलं.’ दुसऱ्यांदा लावला, तेव्हा तीन हजार मिळाले आणि त्यातून त्याने ३० रुपये ‘चार्ज’ म्हणून काढून घेतले. पावती नाही. गावी जाऊन पासबुक भरलं, तर तीन-तीन हजारांच्या दोन नोंदी. दुकानदार आधी म्हणाला, ‘आपोआप परत येतील.’ मग म्हणाला, ‘माझ्याकडे आलेच नाहीत.’ शेवटी म्हणाला, ‘म्हातारीचा अंगठाच झिजलाय, त्याला मी काय करू?’ शाखेत विचारलं तर उत्तर एकच, ‘एजंटाकडे जा.’ व्यवहाराला आज बारा दिवस झाले. पैसे मिळतील का आणि भांडायचं कोणाशी, हा तुमचा प्रश्न.

पैसे मिळण्याची शक्यता चांगली आहे. पण भांडण चुकीच्या दारात चाललंय. दुकानदाराच्या काउंटरवर तुम्ही कितीही वेळा गेलात तरी तिथे हे सुटणार नाही, कारण त्या व्यवहाराची खरी नोंद त्याच्या हातात नाही. ती दोन बँकांकडे आहे. त्यांपैकी एक बँक आईची आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारी तिची आहे.

मी सातपूरला नऊ वर्षं ग्राहक सेवा केंद्र चालवलं. आता बचत गटांतल्या बीसी सख्यांना, म्हणजे बँकेच्या एजंट म्हणून काम करणाऱ्या बायकांना, हेच काम शिकवते. काउंटरच्या त्या बाजूला बसलेली असल्यामुळे दुकानदार कुठे खरं बोलतो आणि कुठे लपवतो, हे दोन्ही ठाऊक आहे.

आईंनी अंगठा लावल्यावर त्या दहा-पंधरा सेकंदांत काय घडतं, ते आधी पाहू. मशीनवरून निरोप दुकानदाराच्या कंपनीकडे जातो, तिथून त्या कंपनीमागच्या बँकेकडे, मग एनपीसीआय या बँकांना एकमेकींशी जोडणाऱ्या संस्थेच्या यंत्रणेतून आधारकडे. बोट जुळलं की निरोप आईच्या बँकेत पोहोचतो, तिथे खात्यातून रक्कम वजा होते आणि ‘झालं’ असं उत्तर त्याच वाटेने परत निघतं. बऱ्याच वेळा निरोप जाताना नीट पोहोचतो आणि येताना रस्त्यात अडकतो. खात्यातून पैसे गेलेले असतात, पण दुकानदाराच्या पडद्यावर ‘फेल’ किंवा ‘टाइम आउट’ दिसतं. त्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कंपनीकडच्या त्याच्या ऑनलाइन खात्यात, काही जमा होत नाही. अशा वेळी ‘माझ्याकडे आलेच नाहीत’ हे त्याचं म्हणणं खरं असतं. त्याने तरीही रोख दिली, तर तेवढे पैसे त्याच्या खिशातून जातात.

दुसरी शक्यता म्हणजे पहिला व्यवहार पूर्ण झाला होता, दुकानदाराने तो पाहिला आणि तुमच्या आईला ‘फेल’ सांगितलं. ही सरळ चोरी आहे. ती होते, हे मी नाकारणार नाही. अक्षरओळख नसलेली, एकटी आलेली बाई पाहून होते.

तिसरी शक्यता फारसं कोणी सांगत नाही. पडद्यावर ‘पेंडिंग’ येतं, दुकानदार त्याला घाईत ‘फेल’ म्हणतो, आणि काही तासांनी तोच व्यवहार ‘सक्सेस’ होऊन पैसे त्याच्या वॉलेटमध्ये जमा होतात. त्याने दिवसाचा हिशोब जुळवला नाही, तर त्याच्याही लक्षात येत नाही. हे माझ्या हातून झालं आहे. बुधवारच्या बाजाराला आलेल्या एका काकांना मी ठामपणे सांगितलं होतं की फेल आहे, पैसे खात्यातच आहेत. चार दिवसांनी रिपोर्ट तपासला, तेव्हा त्यांचे १,५०० रुपये माझ्या वॉलेटमध्ये दिसले. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. पुढचे दोन बुधवार गोदाकाठच्या बाजारात भाजीच्या ओळीत फिरले, तेव्हा सापडले. तोवर त्यांनी मुलाचं बोलणं खाल्लं होतं, की तुम्हीच कुठेतरी पैसे पाडलेत. तेव्हापासून सख्यांना माझा पहिला धडा हाच असतो: पेंडिंग दिसलं तर फेल म्हणायचं नाही, आणि रात्री रिपोर्ट जुळवल्याशिवाय शटर ओढायचं नाही.

तुमच्या बाबतीत या तिन्हींपैकी नेमकं काय झालं, ते मला इथून सांगता येणार नाही. पण ते शोधण्याचं काम तुमचं नाहीच. आईच्या बँकेने विचारणा केली की दुकानदाराच्या बँकेला त्या व्यवहाराची स्थिती कळवावी लागते. तुमचं काम इतकंच, की विचारणा कागदावर सुरू करून घ्यायची.

उद्या काय करायचं ते सांगते. पासबुकातल्या त्या दोन नोंदी पाहा. बहुतेक बँकांच्या पासबुकात आधारच्या व्यवहारापुढे बारा आकडी क्रमांक छापलेला असतो, त्याला आरआरएन म्हणतात. पावती नसली तरी हा आकडा पुरतो. पासबुकात नसेल तर शाखेतून त्या तारखेचं खाते-विवरण मागा, त्यात मिळेल. दोन्ही नोंदींचे आरआरएन वेगळे असतील. पहिली नोंद कोणती आणि दुसरी कोणती, ते क्रमावरून लिहून ठेवा. मग पासबुकाच्या मागे छापलेल्या बँकेच्या टोल-फ्री नंबरवर आईला शेजारी बसवून फोन लावा, कारण खातं तिचं आहे आणि तिला दोन-तीन प्रश्न विचारतील. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्यानंतर शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. साहेब म्हणतील ‘ठेवून जा, बघतो’. शांतपणे म्हणायचं, ‘पोच द्या, मग जाते.’

अर्ज लांबलचक नको. दुकानदार किती उर्मट बोलला, ते त्यात घालू नका. राग खरा आहे, पण वाचणाऱ्या कारकुनाला त्यातून आकडा शोधावा लागतो. असं लिहा: ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या खात्यातून अमुक तारखेला आधारद्वारे रुपये ३,००० ची उचल दोनदा नोंदली गेली आहे. त्यापैकी अमुक आरआरएनच्या व्यवहाराची रोख मला मिळालेली नाही. व्यवहार नाशिक, पेठ नाका येथे झाला. सदर रक्कम नियमानुसार विलंबाच्या भरपाईसह माझ्या खात्यात जमा करावी आणि व्यवहार यशस्वी असल्याचे आपले म्हणणे असल्यास त्याचा पुरावा मला लेखी द्यावा.’ खाली आईची सही किंवा अंगठा, तुमचा फोन नंबर आणि टोल-फ्रीवर मिळालेला तक्रार क्रमांक. शेवटचं वाक्य गाळू नका. ‘आमच्या सिस्टीमला सक्सेस दिसतंय’ एवढं तोंडी सांगून बँका विषय बंद करतात. लेखी द्यायचं म्हटलं की कोणाला तरी फाइल उघडून बघावी लागते.

भरपाईचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. आधारच्या व्यवहारात खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाच्या टोकाला पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये. आईंचा व्यवहार खरोखर अडकलेला निघाला, तर बारा दिवसांतले पाच वजा करून आजवर सात दिवस झाले, म्हणजे मूळ ३,००० आणि वर ७०० रुपये. ही भरपाई ग्राहकाने न मागताही बँकेने स्वतःहून द्यायची, असं त्याच परिपत्रकात आहे. न मागता मिळाल्याचं मात्र मी क्वचितच पाहिलं आहे, म्हणून मागायचं. आणि एक लक्षात ठेवा: ही रोजची १०० रुपयांची भरपाई अडकलेल्या व्यवहारासाठी आहे. व्यवहार ‘सक्सेस’ निघाला आणि रोख दिली नाही असा वाद झाला, तर तो दुकानदाराच्या फसवणुकीचा विषय होतो. तेव्हा दुकानदाराची नोंदवही, त्या वेळचा मशीनचा रिपोर्ट, शेजारच्या दुकानाचा कॅमेरा, हे सगळं महत्त्वाचं ठरतं. कॅमेऱ्याचं चित्रण फार दिवस राहत नाही. आजच शेजारच्या दुकानात विचारून या.

शाखेने ‘एजंटाकडे जा’ म्हटलं, त्यावर मला थोडं बोलायचं आहे. एजंट नेमायला बँकांना रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये परवानगी दिली. खेड्यात शाखा उघडणं परवडत नाही, म्हणून गावातल्याच कोणाच्या तरी मार्फत बँकिंग न्यायचं, असा हेतू. त्या परवानगीसोबत अट होती, आजही आहे: एजंटाने केलेल्या आणि न केलेल्या कामाची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेची. पेठ नाक्याच्या दुकानामागची बँक वेगळी आणि आईची बँक वेगळी असू शकते. पण आईचं खातं जिथे आहे, त्या बँकेला तक्रार नोंदवून पुढे पाठवणं टाळता येत नाही. ‘तो आमचा एजंट नाही’ हे वाक्य कितीही खरं असलं, तरी ते आईच्या तक्रारीचं उत्तर नाही. आणि पेठहून येणाऱ्या बाईचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली, तर दर वेळचं ‘उद्या या’ तिला तीनशे-चारशे रुपयांना पडतं. शाखेतल्या माणसाला ते दिसत नाही, म्हणून तो सहज बोलून जातो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच लोकपाल योजना झाली, त्यामुळे कोणत्या शहरातलं कार्यालय आपलं हे शोधत बसावं लागत नाही. सीएमएस नावाच्या पोर्टलवर तक्रार भरता येते, किंवा साध्या कागदावर मराठीत लिहून चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राला पोस्टाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर. फी नाही, वकील नको. आईच्या वतीने तुम्हाला अधिकारपत्र घेऊन तक्रार चालवता येते. बँकेत दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत मी वर मागायला सांगितली, ती इथे लागते. ती नसेल तर तीस दिवस कधीपासून मोजायचे, इथेच गाडी अडते.

आता ते ३० रुपये. बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी एजंटाने ग्राहकाकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत, असं बँकेने त्याच्याशी केलेल्या करारात असावं लागतं. बँकेला शुल्क लावायचं असेल तर ती जाहीर करून खात्यातून घेईल. दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवताना शुल्क असतं, ते वेगळं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली बिहार-उत्तर प्रदेशची मुलं गावी पैसे पाठवतात, त्यावर ते लागतं आणि पावतीवर छापून येतं. पण स्वतःच्या खात्यातून आधारवर उचल केली आणि दुकानदाराने हातातल्या नोटांतून वीस-तीस रुपये काढले, तर ते बेकायदा.

तो का काढतो, हेही सांगायला हवं. उचलीवर जे कमिशन निघतं ते रकमेच्या अर्धा टक्का, आणि जास्तीत जास्त १५ रुपये. त्यातून त्याची बँक, मधली कंपनी आणि डिस्ट्रिब्युटर आपापला वाटा घेतात आणि उरलेलं त्याला. दुकानाचं भाडं, पावतीचा कागद, रोख आणायला बँकेच्या रांगेतला अर्धा दिवस, खोट्या नोटेची जोखीम, सगळं त्याच्यावर. माझी स्वतःची कितीतरी महिने दिवसाची कमाई मजुरीपेक्षा कमी होती. हे कमिशन अपुरं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बँकांनी ते वाढवायला हवं. पण त्याची वसुली नागली विकून आलेल्या बाईच्या तीन हजारांतून करायची नाही.

याच हिशोबातून आणखी एक खोड येते, ती ओळखून ठेवा. अर्धा टक्क्याने १५ रुपये ३,००० ला पूर्ण होतात. म्हणून तुम्ही ९,००० मागितले की काही दुकानदार तीन-तीन हजारांचे तीन व्यवहार करतात, कमिशन तिप्पट होतं. ‘बोट नीट बसलं नाही, परत लावा’ असं तुम्हाला सांगितलं जातं. एका व्यवहारात १०,००० पर्यंत उचल होऊ शकते, त्यामुळे तुकडे करायला सहसा कारण नसतं. तुकडे झाले की महिन्याच्या व्यवहारांची बँकेने घातलेली मर्यादा लवकर संपते, आणि कोणता तुकडा अडकला हे ग्राहकाला कळत नाही. तसंच न मागता मिनी स्टेटमेंट, म्हणजे शेवटच्या काही व्यवहारांची यादी, काढणं. त्यावरही त्याला थोडे पैसे मिळतात. तुमचं खातं रिकामं होत नाही, पण तुमचं बोट तुमच्या नकळत वापरलं जातं. मला ते चालत नाही.

माझी लाडकी बहीणचे पैसे जमा होतात त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त भांडणं होतात, हे मी २०२४ पासून पाहते आहे. सकाळपासून रांग, सर्व्हर मंद, दुपारपर्यंत दुकानातली रोख संपते. वॉलेटमध्ये आकडा वाढत जातो आणि गल्ल्यात नोट नसते. मग दुकानदार म्हणतो, ‘थंब लावून जा, पैसे संध्याकाळी न्या.’ कधीही हो म्हणू नका. माणूस ओळखीचा असला, नात्यातला असला तरी नाही. रोख मोजून टेबलावर ठेवलेली दिसली की मगच बोट मशीनवर. आणि ‘फेल’ म्हटलं की दुसऱ्यांदा बोट लावायच्या आधी तिथेच शिल्लक बघायला सांगायचं. शिल्लक कमी झालेली दिसली, तर व्यवहार त्या दिवशी तिथेच थांबवायचा आणि फेलची पावती मागायची. फेलचीही पावती निघते, पुष्कळांना हे माहीत नसतं. तुमच्या आईने दुसऱ्यांदा अंगठा लावला, यात तिची चूक नाही. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

झिजलेल्या अंगठ्याचं बोलणं तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलं, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. पेठ-सुरगाण्याच्या बायका पावसाळ्यात भात लावणीला चिखलात असतात, मग दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या बागेत छाटणी, विरळणी, औषधात घड बुडवणं, पुढे कांदा काढणी. त्या हातांच्या रेषा मशीनला वाचता येत नाहीत, ही मशीनची उणीव आहे. तिच्यावर उपाय आहेत आणि ते दुकानदाराला माहीत असायला हवेत. बोट कोणतंही चालतं, अंगठाच लागतो असं नाही. आमच्याकडे मधलं बोट किंवा करंगळीशेजारचं बोट पुष्कळदा पहिल्या फटक्यात लागतं. हात धुऊन पुसायचे, अगदी कोरडे पडले असतील तर ओल्या फडक्यावरून बोट फिरवायचं, मशीनची काच पुसायची, बोट दाबायचं नाही, अलगद ठेवायचं. काही ठिकाणी चेहऱ्यावरूनही होतं. तरीही सतत अडत असेल, तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घेऊन टाका. गावात पोस्टमन किंवा ग्रामीण डाकसेवकाकडे पोस्टाच्या बँकेचं यंत्र असतं, कोणत्याही बँकेच्या खात्यातून तिथे आधारवर पैसे निघतात. आईंना पेठ नाक्यावर थांबण्यापेक्षा ते सोपं पडेल.

आईंच्या खात्याला मोबाइल नंबर जोडलेला आहे का, ते याच फेरीत पाहून घ्या. नसेल तर तुमचा किंवा भावाचा जोडा, म्हणजे प्रत्येक उचलीचा मेसेज येईल. घरचे थोडा वेळ देऊ शकत असाल, तर आधारच्या ॲपवरून बोटांच्या ठशांना कुलूपही लावता येतं, पैसे काढायच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडायचं. एकट्या राहणाऱ्या आणि फोन नसलेल्या माणसाला मात्र मी हे सुचवत नाही. ऐन गरजेच्या दिवशी कुलूप उघडता आलं नाही, तर त्यांचेच हाल होतात.

आणि पासबुकात अशी एखादी नोंद सापडली, की त्या दिवशी आई कोणत्याच दुकानात गेली नव्हती, तर अर्जाची वाट पाहू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरला फोन करा आणि बँकेला त्याच दिवशी कळवा. बँकेचा मेसेज किंवा माहिती मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं आणि चूक तिसऱ्याच कोणाची असेल, तर ग्राहकावर तोटा टाकता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पासबुकाची मागची सहा महिन्यांची पानं एकदा आईला शेजारी घेऊन ओळ न् ओळ वाचा. ‘ही उचल तू केली होतीस का?’ एवढंच विचारत जायचं.

दुकानदाराकडे एकदाच जा, भांडायला नाही. त्या दिवशीचा रिपोर्ट उघडून पहिल्या व्यवहारापुढे आज काय स्थिती दिसते, ते दाखवायला सांगा, आणि दुकानाच्या बोर्डावरचं बँकेचं नाव व एजंट क्रमांक वहीत उतरवून घ्या. प्रामाणिक माणूस असेल तर पडदा तुमच्याकडे फिरवेल. नाही फिरवला, तर तेही अर्जात एका ओळीत लिहा.

शाखेतून शिक्क्याची पोच मिळाली की मला कळवा. तीस दिवस होऊन गेले आणि उत्तर आलं नाही, तर लोकपालाचा अर्ज आपण दोघी बसून भरू. येताना आईंनाही आणा, अधिकारपत्रावर त्यांची सही लागेल.